खोटं सुतक

आमच्या घरी कोणीही गेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना उगाच कुणाला माझी कीव यायची.

मी पोर्टलीशला राहते. नवरा इथल्या इस्पितळात भूल देणारा डॉक्टर, आणि मी गेली काही वर्षं आयर्लंडभर मराठी लग्नांच्या हळदी करते. हळदी करते म्हणजे सगळंच करते. हळकुंडं आणून दळते, मुंडावळ्या ओवते, रुखवताचे लाडू वळते, चिरोटे तळते, आणि मुख्य म्हणजे स्वतः जाऊन मुसळाला आंब्याची पानं बांधून घाणा भरते, ओव्या म्हणते. डंडॉकला कंप्युटरवर बसणाऱ्या मुली असोत नाहीतर इस्पितळांतल्या डॉक्टर मुली, कुणाच्या आईला व्हिसा मिळत नाही, कुणाची आई गुडघे धरून बसलेली असते. मग मला बोलावतात. रीतसर नोंदलेला व्यवसाय आहे, स्वयंपाकघर तपासायला सरकारी माणूस येतो, आणि वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिलंय की सर्व मराठी शुभकार्ये आपुलकीने केली जातील. ते 'सर्व' मीच हौसेनं घातलेलं.

जिची ही गोष्ट, ती मुलगी नागपूरची. पहिली नोकरी तिला माझ्या नवऱ्याच्याच विभागात लागली. त्या हिवाळ्यात हा तिला एका रविवारी जेवायला घेऊन आला, कारण म्हणे ती तीन दिवस टोस्टवर होती. तिनं माझ्या आमटीच्या तीन वाट्या भुरकल्या आणि म्हणाली, "काकू, मी दर रविवारी येऊन राहिली, तुम्ही नाही म्हणू नका." आणि खरंच यायला लागली. माझा मुलगा कॉलेजसाठी डब्लिनला गेल्यापासून घर खायला उठायचं. ही आली की कांदे चिरत इतकी बडबड करायची की मला रेडिओ लावायची गरज पडत नसे. पुढे तिला किलकेनीच्या इस्पितळात जागा मिळाली, तरी रविवार चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वी ती एका आयरिश मुलीला बरोबर घेऊन आली. उंच, लाजरी, शाळेत शिकवणारी. "माझी मैत्रीण," म्हणाली. बरं, म्हटलं मैत्रीण. त्या मुलीला माझी साबुदाण्याची खिचडी इतकी आवडली की पुढच्या वेळी ती स्वतः दाण्याचं कूट करायला बसली, आणि मला 'काकू' म्हणायला शिकली. दोघी एका गाडीतून यायच्या, एकीचा स्वेटर दुसरीच्या अंगात दिसायचा. मला कळत होतं. पण कळलं असं म्हटलं की पुढे काहीतरी बोलावं लागतं, म्हणून मी कळून घेतलं नाही. आपल्या बायकांना ही कला चांगली जमते.

यंदा मे महिन्यात, रविवारीच, आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. ती मान खाली घालून म्हणाली, "काकू, आम्ही लग्न करून राहिलो. शुक्रवारी नोंदणी आहे, दहा-बारा दिवस राहिले. आई येणार होती, तिकीटसुद्धा काढलं होतं मी. काल फोन आला, नाही येऊन राहिली. बाबा तर बोलतच नाहीत." मग हातातली शेंग सोलून, "माझी हळद तुम्ही कराल का? माझ्याकडून कोणीच नाही."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बघते हं. वहीत बघून सांगते." वही समोरच्या फळीवर होती आणि ती त्या आठवड्याची कोरी होती, हे तिलाही दिसत होतं. ती म्हणाली, "हो हो, आरामात," आणि मटार सोलत राहिली.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं आणि सांगता सांगताच माझा पारा चढला. मी म्हटलं, हे मला जमायचं नाही. लाडू दे म्हणाली असती तर दिले असते, दोन डबे जास्त दिले असते. पण हळद म्हणजे काही केक नाही. आधी ती देवीपुढे ठेवते, मग नवरीला लावते, तोंडानं ओव्या म्हणते, त्यात नवरा-नवरी आहेत, सासर-माहेर आहे. दोन्ही नवऱ्याच असल्या तर मी म्हणू काय? कुणाच्या नावानं घाणा भरू? मला कुणाचं वाईट करायचं नाही, पण माझ्या देवाला विचारल्याशिवाय मी हात घालू कशी?

तो शांतपणे पेपर वाचत होता. म्हणाला, "हे असं तिला सांगू नकोस."

"का?"

"इथला कायदा तसा आहे. धंदा उघडलास, सगळ्यांना सेवा देते म्हणालीस, तर या कारणावरून नाही म्हणता येत नाही. धर्म मध्ये आणलास तरी ऐकत नाहीत. उद्या कुणी तक्रार केली तर तुझं नाव पेपरात, आणि माझंही."

मी भडकलेच. म्हणजे माझ्या हातानं मी कुणाला हळद लावायची हे आता सरकार ठरवणार? देव माझा, हात माझे. त्यानं चष्मा काढला. "हात तुझेच गं. पण वेबसाइट आहे ना. तुला नाही करायचं तर नको करूस, काहीतरी दुसरं कारण सांग. कुणाचं मनही मोडायचं नाही आणि भानगडही नको."

दुसरं कारण त्यानं सांगितलं नाही. ते मीच शोधलं, आणि किती छान शोधलं म्हणून रात्री स्वतःवर खूशही झाले. सकाळी मेसेज टाकला, की सांगलीचे यांचे चुलतकाका गेले, आम्हाला सुतक आलंय, तेरा दिवस शुभकार्याला हात लावता येणार नाही, फार वाईट वाटतंय गं. यावर मराठी माणूस काय बोलणार? तारीख बुक आहे म्हटलं तर तारीख बदलता येते, आजारी म्हटलं तर औषध देता येतं. सुतकापुढे कुणाचं काही चालत नाही. नवऱ्यानं मेसेज वाचला आणि माझ्याकडे बघून नुसतं "काका?" म्हणाला. मग कामावर गेला.

तिचं लगेच उत्तर आलं. "अरे देवा. काकू, काळजी घ्या. आम्ही येतो."

आम्ही येतो, हे मी वाचलंच नाही नीट. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर दोघी. तिच्या हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेल्या भाकरी. गेलेल्या घरी शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात ना, तसं. नागपूरहून आणलेल्या त्या डब्यात तिनं पिठलं करून आणलं होतं, सुतकात फोडणी चालत नाही म्हणून आठवणीनं बिनफोडणीचं. आणि त्या उंच मुलीच्या हातात सँडविचेसचा हा एवढा ट्रे, वर चांदीचा कागद. तिनं ट्रे ठेवला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल, काकू." इथे मयताच्या घरी सगळे हेच वाक्य म्हणतात. मी ते दुसऱ्यांच्या घरी कितीदा म्हटलंय.

मग तिनं पिशवीतून एक कार्ड काढलं. मास कार्ड. गेलेल्या माणसाच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना म्हणवून घेतात आणि फादर सही करून ते कार्ड देतात, घरच्यांना धीर यावा म्हणून. ती अडखळत म्हणाली, "तुमचा धर्म वेगळा आहे हे माहीत आहे. पण माझ्या आजीनं हेच केलं असतं. फादरनी नावाची जागा मोकळी ठेवलीय, मला काकांचं नाव माहीत नव्हतं." आणि जरा हसून, "माझं लग्न तिथे लावून देत नाहीत, पण मास कार्डाला नाही म्हणत नाहीत."

तिनं पेन पुढे केलं. मी पेन घेतलं आणि त्या मोकळ्या जागेत सांगलीच्या काकांचं नाव लिहिलं. काका त्या वेळी घरी पत्ते खेळत बसले असतील, त्यांचा रमीचा अड्डा रोजचा आहे. धडधाकट माणूस. नाव लिहून झालं तरी मी कार्डावरून मान वर केली नाही. त्या मुलीला वाटलं मी दुःखात आहे, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. माझं देवघर स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. ताटं घ्यायला नागपूरची पोर आत गेली. प्रेसची दारं सताड उघडी, देवांना ताजी फुलं, समईत ज्योत. सकाळी सवयीनं पूजा झाली होती माझी. सुतकात देवांना कोणी हात लावत नाही, हे तिला शिकवायला नको होतं. ती तिथे उभी राहिली. मी दारातून बघत होते. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, आणि मी नजर खाली घातली. फार तर पाच सेकंद. मग ती म्हणाली, "काकू, वाढते हं, बसा तुम्ही."

तिनं वाढलं. मी ताटातलं सगळं पिठलं खाल्लं. ती आम्हा दोघींच्या मधे बसली होती. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आम्ही असं ठरवलं. नोंदणी शुक्रवारीच करून टाकतो, ती काही बदलता येत नाही. पण हळद आणि जेवण पुढे ढकललं. हॉलवाल्यांना सांगितलं, सगळ्यांना कळवलं. तेरावा झाला की चौदाव्या दिवशी शनिवार येऊन राहिला. तेव्हा करू."

मी म्हटलं, "अगं, माझ्यासाठी कशाला..."

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली, "माझ्यासाठी. मी थांबते."

त्या गेल्यावर मी देवांपुढची ज्योत शांत केली आणि प्रेसची दारं लावली. आणि मग तेरावा होईपर्यंत उघडली नाहीत. हसू नका, खरंच नाही उघडली. एकदा खोटं सुतक घरात घेतल्यावर वर पूजा करायची म्हणजे देवाच्या तोंडावर थापा मारणं. ज्या धर्मासाठी म्हणून मी खोटं बोलले, त्याच धर्माचा मी खोटेपणासाठी वापर केला होता, आणि आता माझेच देव माझ्यामुळे अंधारात बसले होते. रोज सकाळी आंघोळ झाली की हात त्या दाराकडे जायचा आणि मी मागे घ्यायची. दुसऱ्या रविवारी काकांचा व्हिडिओ कॉल आला. तोंडात सुपारी, कपाळाला गंध. "काय सूनबाई, थंडी आहे का अजून तिकडे?" मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन रडले.

त्या तेरा दिवसांत मी काय ठरवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाराव्या दिवशी मी हळकुंडं काढली. दळली. आंब्याची पानं डब्लिनच्या दुकानातून मागवली. नवऱ्यानं विचारलं, "जायचं का मग?" मी म्हटलं, "बघू." चौदाव्या दिवशी सकाळी लवकर उठले, आंघोळ केली, देव उघडले, दिवा लावला. हळदीची वाटी देवीपुढे ठेवली. काही वाईट वाटलं नाही. वाटी ठेवताना हात अडला नाही, देवीचा मुखवटा रोजच्यासारखाच दिसत होता. मी हिरवी साडी नेसले, बांगड्या भरल्या, पर्स घेतली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चपला घालायला बसले.

आणि बसूनच राहिले. मनात आलं, फोटो काढतील. फोटो ग्रुपवर येतील. पुढच्या महिन्यात ज्यांच्या मुलीची हळद माझ्याकडे आहे त्या बाई बघतील. पुण्याला माझी बहीण बघेल. सगळ्या विचारतील, तू कशी गं गेलीस? देवाचं नाव मी पुढे केलं होतं, पण त्या पायरीवर मला देवाची आठवणही नव्हती. मला आपल्या लोकांची भीती वाटत होती. हे असं कबूल करायला मला लाज वाटते, पण तसंच होतं. आणि तरीही, तेवढंच होतं असंही म्हणवत नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं काहीतरी होतं, त्याला मी काय नाव देऊ?

नवरा गाडी काढून दारात उभा होता. मी त्याला आत बोलावलं. फोन काढला आणि लिहिलं, "मला ताप भरलाय गं. नाही येऊ शकत." त्यानं वाचलं. पहिल्यांदाच तो माझ्यावर चिडलेला मी पाहिला. गाडीची किल्ली टेबलावर टाकली आणि मागच्या अंगणात जाऊन गवत कापायला लागला, चांगल्या कपड्यांत.

तिचं उत्तर दहा मिनिटांनी आलं. "काळजी घ्या काकू. पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या." बस्स.

मग रविवार आला आणि ती आली नाही. त्याच्या पुढचाही आला. मी आमटी करायची, सवयीनं जास्तच व्हायची, मग ती आम्ही दोघं सोमवार-मंगळवार खात बसायचो. नवऱ्यानं माहिती काढली होती की तक्रार करायची तर आधी दोन महिन्यांच्या आत लेखी कळवावं लागतं. त्यामुळे पोस्टमन आला की मी दारातच पाकिटं उलटून बघायची. वीज बिल, बँक, जाहिराती. दोन महिने गेले. पत्र आलं नाही. नवरा सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला, "चला, मिटलं." मला मात्र चक्क राग आला. पत्र आलं असतं तर मला भांडता आलं असतं. माझी श्रद्धा, माझा हक्क, असं सगळं मोठ्या आवाजात म्हणता आलं असतं. समोर कोणी आलंच नाही.

सप्टेंबरात किलकेनीला मंडळाचा गणपती असतो, हर्लिंग नावाच्या इथल्या खेळाच्या क्लबच्या हॉलमध्ये. आरती झाली, मी प्रसादाची भांडी गाडीत ठेवायला बाहेर आले तर ती पार्किंगमध्ये उभी होती, एकटीच. ती उंच मुलगी गाडीत बसलेली, तिनं काचेतून हात केला. मीही केला. ही वाळली होती. गळ्यात मंगळसूत्र होतं, स्वतःच घेतलं असणार.

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

"ग्रँड," ती म्हणाली. इथे कसंही असलं तरी सगळे हेच म्हणतात.

मी भांडी खाली ठेवली. इतके महिने जे घोळत होतं ते तोंडातून निघून गेलं. "तुला कळलं होतं ना? सुतकाचं?"

"त्याच दिवशी."

"मग तारीख का पुढे ढकललीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं, खोटं का असेना, ते तेरा दिवसांत संपतं. त्यानंतर तुम्ही याल."

माझे डोळे भरले. ते तिला दिसू नयेत म्हणून मी उगाचच रागावल्यासारखं म्हटलं, "तक्रार करायची होतीस की मग. तुझा हक्क होता. मला शिक्षा तरी झाली असती."

"काकू," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं, "तक्रार दुकानाची करतात. मी दुकानात नव्हती आली."

आत कुणीतरी दुसऱ्या आरतीसाठी माइक तपासत होतं. मी विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, "हळद कोणी लावली?"

"हिच्या आईनं," तिनं गाडीकडे मान केली. "बिचारीला काहीच माहीत नव्हतं, हात पिवळे करून नुसती उभी. मग मीच सांगत होती, आता पायांना लावा, आता गुडघ्यांना, आता खांद्याला, आता कपाळाला." ती हसली, आणि मग तिला हसता येईना. "नवरीच सांगून राहिली. असं कधी पाहिलं का काकू तुम्ही? इतक्या हळदी केल्या तुम्ही."

मी इतक्या हळदी केल्या, पण नवरीला कधी एक शब्द बोलावा लागला नाही. तिनं पाटावर मान खाली घालून बसायचं असतं, बाकी सगळं आम्ही बायका करतो.

"नाही गं," मी म्हटलं.

तिनं माझी भांडी उचलून माझ्या गाडीत ठेवली, डिकी लावली, आणि तिच्या गाडीकडे गेली.